मुक्या प्राण्याची जखम : बोलावें कोणीं ?

घरांत कुत्रें पाळणें ही पूर्वीं राखणदारीची गोष्ट होती. हल्लीं ती मायेची झाली आहे. आमच्या लहानपणीं दारांत बांधलेला मोत्या पावसांत भिजे, उन्हांत वाळे, आणि त्याच्या केसांची चिंता कोणीं वाहिल्याचें आम्हांस आठवत नाहीं. आतां शहरांतून लांब केसांचीं परदेशी जातींचीं कुत्रीं घरोघर दिसतात, आणि त्यांचे केस कापणें, नखें काढणें, कान साफ करणें, स्नान घालणें ह्यासाठीं निराळीं दुकानें निघालीं आहेत. ह्या कारागिरास मराठींत अद्यापि सर्वमान्य नांव मिळालेलें नाहीं. मुलें त्यास ‘ग्रूमर’ म्हणतात. आम्हीही तसेंच म्हणूं, कारण ‘श्वानप्रसाधक’ हा शब्द आम्हीं घरांत एकदां उच्चारला तेव्हां आमच्या मुलीस जें हसूं आलें तें अजून पुरतें थांबलेलें नाहीं.

ह्या ग्रूमरच्या हातून आपल्या जनावरास इजा झाली तर आपण कसें वागावें, हा विषय शाळेच्या वार्षिक अंकास शोभेल कीं नाहीं, अशी शंका प्रथम आली. परंतु अशीं जनावरें विद्यार्थ्यांच्या घरांतून आतां पुष्कळ आहेत, आणि असा प्रसंग आला म्हणजे वडील मंडळींचें वागणें मुलें टक लावून पाहत असतात. आमच्या घरीं तो गेल्या उन्हाळ्यांत आला. त्या वेळचें आमचें वागणें सर्वस्वीं चांगलें होतें असें आम्हांस म्हणवत नाहीं, आणि म्हणूनच तें लिहून काढण्याची इच्छा झाली.

आमचा कुत्रा शित्झू जातीचा आहे. नांव मात्र जुन्या वळणाचें, मोती, असें ठेविलें आहे. ह्या जातीचे केस माणसाच्या केसांप्रमाणें वाढत जातात, आणि रोज फणी फिरविली नाहीं तर कानांमागें, काखेंत व पायांच्या सांध्यांत त्यांच्या जटा होतात. मार्च महिन्यांत मुलांच्या परीक्षा आल्या, आमच्या मागें कचेरीचें वर्षअखेरचें काम लागलें, आणि मोतीची फणी फडताळांत गेली ती तेथेंच राहिली. मे महिन्यांतील एका रविवारीं आम्हीं त्यास एका दुकानांत नेऊन सोडलें. तेथें काम करणाऱ्या एकोणीस-वीस वर्षांच्या मुलानें कानांमागें हात फिरवून पाहिला व म्हणाला, “काका, इथं गुंता फार आहे. मशीननं साफ करावं लागेल.” आम्हीं ऐटीनें सांगितलें, “छे, छे, कानांचे केस लहान करावयाचे नाहींत. शोभा जाते.” तो कांहीं बोलला नाहीं. दोन तासांनीं मोती आमच्या स्वाधीन झाला तो सुवासिक, गुळगुळीत, दोन्ही कानांवर तांबड्या फितीचीं फुलें बांधलेला असा. तो सारखें डोकें झाडीत होता. आम्हांस वाटलें, फितीची संवय नाहीं. घरीं येऊन पाहतों तों बैठकीच्या भिंतीवर रक्ताचे शिंतोडे ! मुलीनें फीत सोडली. डाव्या कानाची कड बोटाच्या पेराएवढी चिरलेली होती, आणि त्या चिरेवर पिवळसर पूड थापून बसविलेली होती.

जखम पाहून आम्हांस वाईट वाटलें. पूड पाहून मात्र संताप आला. रक्त थांबविण्याची पूड कोणी अजाणतां लावीत नाहीं. ज्यानें ती लावली त्यास जखम ठाऊक होती, आणि ज्यानें वर फीत बांधली त्यास ती आम्हांस कळूं द्यावयाची नव्हती.

आमचें मुख्य म्हणणें येथेंच सांगून टाकतों. धारदार हत्यार, हलणारें जनावर आणि पातळ कातडी हीं तिन्ही जेथें एकत्र येतात तेथें केव्हां ना केव्हां रक्त निघावयाचेंच. चांगल्यांतला चांगला कारागीरही त्यांतून सुटत नाहीं. तेवढ्यासाठीं आम्ही कोणास दोष देणार नाहीं. पण माणसास न्हाव्याचा वस्तरा लागला तर तो ‘अरे’ म्हणून ओरडतो, आणि प्रकरण तेथल्या तेथें मिटतें. कुत्र्यास घरीं येऊन कांहीं सांगतां येत नाहीं. त्याच्या वतीनें साक्ष देऊं शकेल असा बहुधा एकच माणूस असतो, आणि तो म्हणजे ज्याच्या हातून जखम झाली तो. त्यानें तोंड मिटून घेतलें कीं मुकें जनावर दुसऱ्यांदा मुकें होतें.

ह्या मौनाची किंमत केवळ आपल्या मनःस्तापांत मोजावयाची नसते. जट ओढली म्हणजे तिच्याबरोबर खालची कातडी वर उचलली जाते. केस कोठें संपले व कातडी कोठें सुरू झाली हें बोटांस कळत नाहीं, आणि कातर दोहोंतून जाते. कानाच्या पातळ कडेंत रक्तवाहिन्या पुष्कळ, आणि कुत्रा डोकें झाडतो म्हणून धरलेली खपली पुनःपुन्हां निघते. जाड जटा काढल्यावर कुत्र्यानें फार डोकें झाडलें तर बाहेरून ओरखडाही नसतां कानाच्या पाळीच्या आंत रक्त सांकळून ती उशीसारखी फुगते. नखांचेंही असेंच आहे. नखाच्या पोटांत जिवंत भाग असतो. पांढऱ्या नखांत तो गुलाबी दिसतो, काळ्या नखांत दिसतच नाहीं, आणि चिमटा किंचित् आंत गेला कीं भळभळ रक्त येतें. केस कापण्याच्या यंत्राचें पातें बराच वेळ चालल्यावर तापतें व पोटाची नाजूक कातडी भाजते. पाण्यांत मिसळून ठेविलेला शांपू दिवसचे दिवस पडून राहिला तर त्यांत जंतु वाढतात, आणि स्नानानंतर एक-दोन दिवसांनीं पाठीवर अत्यंत दुखरे फोड उठून कुत्र्यास ताप भरतो; घरच्या माणसांस वाटतें, कोठें तरी पाठ मुरगळली असेल. सर्वांत भयंकर प्रकार म्हणजे ओला कुत्रा पिंजऱ्यांत घालून त्यावर गरम हवेचें यंत्र सोडणें व दुसऱ्या कामास लागणें. कुत्र्यास आपल्याप्रमाणें सर्वांगास घाम येत नाहीं. तो मुख्यतः धापा टाकून अंग थंड करितो, आणि शित्झू, पग असल्या आंखूड नाकाच्या जातींस तेंही नीट साधत नाहीं. कुत्र्याचें अंग निरोगीपणींच सुमारें १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट इतकें असतें. तें १०४ च्या वर चढूं लागलें तर घटका मोजण्याची वेळ येते. ह्यांपैकीं प्रत्येक गोष्ट त्याच क्षणीं कोणी सांगितली तर उपाय सोपा असतो. डॉक्टर प्रथम हेंच विचारतात : कशानें लागलें, केव्हां लागलें, वर काय लावलें ? आमच्या डॉक्टरांनींही विचारलें. ती कातर होती कीं यंत्राचें पातें, आणि ती पिवळी पूड कसली, ह्यांपैकीं एकाचेंही उत्तर आमच्यापाशीं नव्हतें.

जनावरांच्या अंगाशीं हत्यार नेणारे कारागीर आपल्या देशांत नवे नाहींत. नालबंद बैलाच्या खुरांत खिळे ठोकी. एखादा खिळा जिवंत भागास लागला तर बैल लंगडे, आणि लंगडणारा बैल गांवभर दिसे, त्यामुळें नालबंदास तें लपवितां येत नसे. धनगर कातरीनें मेंढ्यांची लोकर उतरवितो, पण कळप त्याचा स्वतःचाच असतो. पोळ्याच्या आदल्या दिवशीं बैलांची खांदमळणी करितात, म्हणजे जुवाखालीं घट्टे पडलेल्या खांद्यास लोणी-हळद चोळतात. आमच्या वडिलांकडे हा विधि होई तेव्हां आमची आजी बैलाच्या खांद्यावरून हात फिरवीत पुटपुटे, “दुखावलंय रे तुला.” आपल्या कामापायीं ह्यास घट्टा पडला हें बैलाच्या कानापाशीं बोलून दाखविण्याची रीत ज्या घरांत होती, त्या घरच्या नातवाचा कुत्रा आज तांबड्या फितीखालीं जखम झांकून परत येतो. असो.

तर प्रथम काय करावें ? भांडणास धांवूं नये, जनावराकडे पाहावें. स्वच्छ फडकें घेऊन जखमेवर पांच-सात मिनिटें घट्ट दाबून धरावें, आणि ‘थांबलें का, थांबलें का’ म्हणून मध्येंच उचलून पाहूं नये. आमच्या शेजारच्या काकू हें चारदां करून बसल्या व चारदां रक्त आलें. कान असेल तर तो डोक्यावर दुमडून सैल पट्टी बांधावी. माणसांच्या वेदना थांबविणाऱ्या गोळ्या मुळींच देऊं नयेत. आयबुप्रोफेनसारखी साधी वाटणारी गोळीही कुत्र्यास विषाप्रमाणें बाधते. जखम धुण्यापूर्वीं तिचें छायाचित्र घ्यावें, आणि लगेच पशुवैद्याकडे जावें. मोतीस तीन टांके पडले व दहा दिवस गळ्याभोंवतीं प्लॅस्टिकची शंकूसारखी कॉलर घालून फिरावें लागलें. डॉक्टरांकडून आम्हीं जखमेची जागा, लांबी व तपासणीची वेळ अशी चिठ्ठी लिहून घेतली. हें आम्हांस सुचलें तें शहाणपणानें नव्हे, रागानें सुचलें. पण पुढें तीच चिठ्ठी उपयोगी पडली.

आतां आमच्या चुकीकडे येतों. रात्रीं आमच्या थोरल्या चिरंजीवांनीं मोबाइलवर एक चित्रफीत तयार केली. तींत रक्ताळलेला कान होता, दुकानाची पाटी होती, आणि सकाळीं सहज काढलेल्या चित्रांतला त्या मुलाचा चेहरा होता. खालीं मजकूर होता : ‘ह्या कसायापासून सावध राहा.’ आम्हीं तो वाचला व म्हणालों, “टाक.” इतक्यांत मोतीचें डोकें मांडीवर घेऊन बसलेली धाकटी म्हणाली, “बाबा, पण तो मशीननं काढतो म्हणाला होता ना ? तुम्हीच नको म्हणालात. आणि फणी आपण कुणीच केली नव्हती.”

घरांत कोणी कांहीं बोलेना. फडताळांतली फणी आम्हां सर्वांस ठाऊक होती. ‘कसाई’ हा शब्द लिहितांना त्या मुलानें दिलेली सूचना आम्ही सोयीस्करपणें विसरलों होतों. म्हणजे त्यानें फितीखालीं जखम झांकली, तशी आम्हीं चित्रफितीखालीं आमची हयगय झांकीत होतों. ती चित्रफीत पुसून टाकविली. ज्याचें म्हणणें आपण ऐकून घेतलें नाहीं त्याचा चेहरा चव्हाट्यावर मांडण्याचा अधिकार आपणांस नाहीं, असें आमचें मत आहे. आणि असली गोष्ट एकदां सुटली कीं मग ती परत घेतां येत नाहीं. तो मुलगा ज्या ज्या दुकानांत काम मागावयास जाईल तेथें ती त्याच्या आधीं पोहोंचेल.

पण ह्याच्या उलट सल्ला देणारेही भेटले, आणि तोही आम्हांस पटला नाहीं. कचेरींतील एक स्नेही म्हणाले, “अहो, कुत्र्याचा कान तो ! सोडून द्या.” सोडून दिलें तर उद्यां दुसऱ्या कुत्र्याचा डोळा जाईल आणि त्यावरही फूल बांधलें जाईल. शिवाय जनावर तुमच्या ताब्यांत असतें तेव्हां त्याचें बरेंवाईट पाहणें हा कायद्यानें घालून दिलेला धर्म आहे. प्राण्यांच्या छळास प्रतिबंध करणारा जो १९६० चा कायदा, त्याच्या तिसऱ्या कलमांत असें सांगितलें आहे कीं, ज्याच्या हवालीं जनावर आहे त्यानें त्याच्या कल्याणासाठीं व त्यास नाहक वेदना होऊं नयेत म्हणून योग्य ते सर्व उपाय योजावेत. रविवारच्या त्या दोन तासांत मोती दुकानाच्या हवालीं होता. मार्चपासून मेपर्यंत तो आमच्या हवालीं होता, हें ओघानेंच आलें.

सोमवारीं आम्ही एकटेच दुकानांत गेलों. मुलांस मुद्दाम नेलें नाहीं; चारजण मिळून गेलें कीं त्यास हल्ल्याचें रूप येतें. मालकांनीं प्रथम सांगितलें, “घरीं जाऊन खाजवलं असेल, साहेब.” आम्हीं पुडीचें छायाचित्र दाखविलें. मग त्यांनीं भिंतीवरील पाटीकडे बोट केलें : ‘जनावर मालकाच्या जबाबदारीवर.’ अशा पाट्या पुष्कळ ठिकाणीं असतात, आणि त्या वाचून पुष्कळ लोक हात हलवीत परत येतात. पैसे घेऊन केलेल्या कामांत हयगय झाली तर तिची जबाबदारी नुसती पाटी लावल्यानें धुऊन निघत नाहीं. तसें आम्हीं म्हटलें; आणि त्याच दमांत हेंही म्हटलें कीं, कानांमागें जटा होऊं दिल्या त्या आम्हीं, आणि यंत्र लावूं नको असें सांगितलें तेंही आम्हींच. हें बोलतांना जिभेस जड गेलें. पण त्याचा परिणाम असा झाला कीं, मागें उभा असलेला तो मुलगा पुढें आला. “माझ्याकडनं कापला गेला, काका. कातरीनं. सांगणार होतो, पण तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक आलं, आणि... भीती वाटली.” मालक त्याच्याकडे पाहून म्हणाले, “ठीक आहे. ह्याच्या पगारांतून कापून देतों तुमचे पैसे.”

आम्ही ज्यासाठीं आलों होतों तें मिळालें, आणि त्याच क्षणीं तें नकोसें झालें. ज्यानें खरें सांगितलें त्याचा पगार कापला गेला तर पुढच्या वेळीं तो काय करील ? तो आणखी मोठी फीत बांधील. आम्हीं मालकांस स्पष्ट सांगितलें कीं, दुकान तुमचें, दर तुम्ही ठरवितां, एका दिवसांत किती कुत्रीं घ्यावयाचीं हेंही तुम्हीच ठरवितां; तेव्हां भरपाई तुम्हींच करावी. कापण्याचे पैसे त्यांनीं तेथेंच परत केले. औषधोपचाराच्या खर्चास मात्र ते तयार होईनात. घरीं येऊन आम्हीं एक साधें पत्र लिहिलें : तारीख, वेळ, काय घडलें, कोणीं काय म्हटलें, आमची चूक कोणती, डॉक्टरांची चिठ्ठी व पावती सोबत, आणि पंधरा दिवसांची मुदत. पत्रांत एकही विशेषण घातलें नाहीं. नवव्या दिवशीं पैसे आले. मुलाच्या पगारांतून आले कीं काय, तें आम्हांस सांगतां येणार नाहीं. मालक ‘नाहीं’ म्हणाले.

पैसे आले नसते तर पुढचा मार्गही वाटतो तितका बिकट नाहीं, आणि पालकांस तो ठाऊक असावा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून अंमलांत आला. पैसे देऊन घेतलेल्या सेवेंत उणीव राहिली तर आपण राहतों त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आंत तक्रार करितां येते. वकील दिलाच पाहिजे असें नाहीं, आणि सेवेचा मोबदला ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रारीस शुल्क पडत नाहीं. तत्पूर्वीं १९१५ ह्या राष्ट्रीय ग्राहक मदतक्रमांकावरही गाऱ्हाणें नोंदवितां येतें. आमच्या मतें पत्र आधीं, मदतक्रमांक मग आणि आयोग शेवटीं, हाच क्रम बरा. फौजदारीची भाषा मुद्दाम केलेल्या क्रौर्यासाठीं राखून ठेवावी. कोणी कुत्र्यास मारलें, तोंड बांधून गळफांसासारखें लटकत ठेविलें, किंवा शांत राहावा म्हणून पशुवैद्यास न विचारतां गुंगीचें औषध पाजलें, तर तेथें मात्र सौजन्य उपयोगाचें नाहीं.

आणखी एक गोष्ट आम्हांस फार खटकते. पशुवैद्यास १९८४ च्या कायद्यान्वयें नोंदणी करावी लागते. परंतु तेंच जनावर टेबलावर बांधून त्याच्या डोळ्यांपाशीं कातर चालविणाऱ्यास अशी कोणतीही सक्तीची परीक्षा नाहीं. कोणी वर्षभर शिकून येतो, कोणी दुसऱ्याचें पाहून आठ दिवसांत उभा राहतो, आणि गिऱ्हाइकास दोघांच्या अंगावर सारखाच झगा दिसतो. ती परीक्षा होईल तेव्हां होवो. तोंपर्यंत निदान एवढें करावें कीं, जनावर सोडतांना मालक व ग्रूमर ह्या दोघांनीं मिळून त्याचें अंग कानापासून शेपटीपर्यंत चांचपावें, जटा, फोड, जुनी जखम जें असेल तें वहींत लिहावें, आणि परत घेतांना पुन्हां तसेंच करावें. फीत बांधावयाची ती त्यानंतर बांधावी. ह्यास दोन मिनिटें लागतात. जो ग्रूमर ह्या दोन मिनिटांस कंटाळतो त्याच्याकडे आम्ही तरी जाणार नाहीं. आणि जटा पाहून ‘हे केस काढावेच लागतील’ असें जो तोंडावर सांगतो त्याचें ऐकूं. शोभा महिन्या-दोन महिन्यांत परत वाढते.

दिवाळीपूर्वीं मोतीचे केस पुन्हां वाढले. कोठें जावें ह्यावर घरांत बराच वाद झाला. थोरले म्हणाले, दुसरें दुकान पाहूं. धाकटी म्हणाली, त्या दादाकडेच. अखेर त्याच दुकानांत गेलों, आणि ह्या वेळीं बांकावर बसून राहिलों. मोतीनें त्या मुलास ओळखलें व शेपूट पोटाखालीं घातली. तें पाहून मुलाचाही चेहरा उतरला. त्यानें कातर घेतली नाहीं. थोडा वेळ नुसता हात हुंगूं दिला, मग कानांमागें फणी घालून पाहिली. धाकटीनें उन्हाळ्यापासून रोज रात्रीं फणी केली होती, म्हणून गुंता एकच आणि तोही बोराएवढा निघाला. गुंत्याच्या खालीं कातडीलगत त्यानें फणी आडवी सरकविली आणि तिच्या वरून यंत्र फिरविलें. डाव्या कानाच्या कडेस एक लहानशी खांच राहिली आहे; तिच्यापाशीं तो किंचित् थबकला. शेवटीं नखें काढावयास घेतलीं. मोतीचीं मागच्या पायाचीं नखें काळीं आहेत. तिसऱ्या नखास मोतीनें पाय झटकला, आणि त्या मुलानें चिमटा खालीं ठेवून आमच्याकडे मान वळविली.

“काका, रक्त आलं,” तो म्हणाला. “इकडं या, दाखवतो.”